गार घाम

सारजाला साखरेचा आजार निघाला तेव्हा तिच्या सासूनं, भागूबाईनं, सगळ्यात आधी गुळाचा डबा उचलून देवाच्या कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप घातलं. किल्ली कनवटीला. निमगाव केतकीच्या थोडं आत, ओढ्याच्या काठाला त्यांची धनगरांची वस्ती होती, तिथं अशी बातमी लपून राहते होय! दिवस मावळेपर्यंत घरोघर झालं की मल्हारच्या बायकोच्या रक्तात साखर झालीय. एका शहाणीनं दारात येऊन विचारलं, "मंग तिला मुंग्या लागत असतील न्हवं?" भागूबाईनं तिला असं काही सुनावलं की ती बाई नंतर कितीतरी दिवस त्या वाटेनं गेली नाही.

भागूबाई वाईट नव्हती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं तिचा राग येणार आहे. नवरा लवकर गेला, मेंढरं विकावी लागली, तरी तिनं मल्हारला शिकवला आणि तो बारामतीच्या मार्केट यार्डात मापाडी म्हणून लागला. वस्तीवर तिचा शब्द चालायचा तो मात्र वेगळ्याच कारणानं. तिच्या अंगात बिरोबा यायचा. ओढ्यापलीकडं लिंबाखाली देवाचं ठाणं होतं. अमावस्येला ढोल वाजला की भागूबाई घुमायला लागायची, पुजारी गेणूतात्या भंडारा उधळून प्रश्न विचारायचे आणि देव तिच्या तोंडून कौल द्यायचा. हे वारं तिला तिच्या सासूकडून आलेलं. साठीला टेकल्यावर तिला एकच घोर लागला होता, आपल्यामागं देव कुणाकडं जाणार? लेक नव्हती. सून होती, ती ही अशी, सुया टोचून घेणारी.

सारजा सांगवीची. तिचे वडील, अप्पा, कळप राखायचे. कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढत गेला तशी चराऊ रानं आटली आणि अप्पांनीही मेंढरं विकून शेती धरली, पण त्याआधी लेकीला त्यांनी कळपामागं पुष्कळ हिंडवली होती. एखादं मेंढरू चुकायचं, दिवसभर शोधून सापडायचं आणि पोरं काठी उगारायची. अप्पा म्हणायचे, "मारू नगा त्याला. ते कुठनं सुटलं ती वाट बघून ठिवा." मग ते खरंच त्या जागी जायचे आणि कुंपणाचं भगदाड नाहीतर ओढ्याचा उतार नीट बघून यायचे. दुसऱ्या दिवशी तिथं त्यांचं कुत्रं बसलेलं असायचं.

लग्न होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील, एक्क्याण्णव साल, तेव्हा सारजा वाळायला लागली. हंडाभर पाणी प्यायची तरी घशाची कोरड जाईना. मल्हारनं तिला यष्टीत घालून बारामतीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं की रोज सकाळ-संध्याकाळ इन्शुलिनची सुई घ्यायची. मल्हारनं विचारलं, "कवर?"

"जन्मभर."

"गोळी न्हाय का एखादी?"

"हिच्या आजाराला गोळी नाही चालत," बाई म्हणाल्या. परतीच्या यष्टीत सारजा खिडकीतून बाहेर बघत होती आणि तिच्या मनात एकच होतं की आता आपल्याला सांगवीला धाडून देतील.

तसं बोलणं झालंही. पण मल्हार एरवी आईपुढं मान खाली घालणारा गडी, त्या दिवशी म्हणाला, "ती हितंच ऱ्हाईल." एवढंच म्हणाला आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसला. सारजाला तेवढं पुरलं.

पण सुई काय नवऱ्याच्या शब्दानं टोचली जात नाही. पहिल्या दिवसांत ती सुई कातडीला टेकवायची, उचलायची, पुन्हा टेकवायची. वस्तीवर फ्रिज नव्हता, म्हणून तिनं एका मडक्यात दुसरं मडकं बसवलं, मधे ओली वाळू भरली आणि आत औषधाची बाटली ठेवली. एकदा वाळू वाळून गेली आणि उन्हाळ्यात बाटलीतलं औषध नासलं. एकदा अंधाऱ्या कोपऱ्यात घाईनं भरताना सुई जास्त भरली गेली, टोचायच्या आधी ध्यानात आलं म्हणून निभावलं. त्या दिवशी ती चुलीपुढं बसून रडली. आपल्या जन्मालाच हे का, हा राग तिला होता आणि तो काही सहजासहजी गेला नाही. पण रडून झाल्यावर नाक पुसताना तिला अप्पांचं ते मेंढरू आठवलं. कुठनं सुटलं? अंधारातनं. दुसऱ्या दिवसापासून ती उंबऱ्यावर, उजेडाकडं तोंड करून सुई भरायला लागली. वाळू वाळायची, तर तुळशीला पाणी घालताना तोच तांब्या वाळूवर रिता करायला लागली. मोठी अक्कल लागत नव्हती याला. फक्त स्वतःला बदडून काढण्याऐवजी वाट बघायला जायचं होतं, आणि तेच अवघड होतं.

लघवीतली साखर बघायला डॉक्टरीणबाईंनी निळं औषध दिलं होतं. काचेच्या नळीत ते घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकून तापवायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं होत होत विटकरी झालं तर फार. सारजा हे काम गोठ्यामागं स्टोव्ह पेटवून करायची. एकदा भागूबाईनं ते बघितलं. सून गोठ्यामागं बसून निळं पाणी उकळतेय, ते लाल होतंय आणि ही त्याच्याकडं टक लावून बघतेय! "सारजे, कुणावर करतीस ही करणी?" ती ओरडली. सारजानं सगळं समजावून सांगितलं. त्यावर सासू म्हणाली, "मंग पितळंचं भांडं तरी घिऊ नगं माझं."

त्या निळ्या पाण्यात एक खोट होती. साखर वाढली की ते सांगायचं. कमी पडली तर मात्र निळंच राहायचं, मग माणूस मरायला टेकलं असलं तरी. हे सारजाला त्र्याण्णव सालच्या एका अमावस्येला कळलं.

त्या दिवशी तिनं सकाळी सुई घेतली, दिवसभर कांद्याला पाणी दिलं आणि उपास म्हणून नावालाच चार घास खाल्ले. उतरत्या उन्हात ती सासूबरोबर ठाण्यावर गेली. ढोल सुरू झाला. भागूबाई घुमायची वाट सगळे बघत होते आणि थरथरायला लागली सारजा. अंग घामानं निथळलं, मान डोलायला लागली, डोळे भलतीकडंच लागले. गेणूतात्यांनी भंडारा उधळला. बायांनी हात जोडले. वस्तीवरच्या एकाचा बैल हरवला होता, त्यानं पुढं होऊन विचारलं, "देवा, माजा बैल कुठं हाय?" सारजा कायबाय बरळत होती, त्यात ती म्हणाली, "वढ्याला." आणि कोसळली.

मल्हारनं जीप करून तिला बारामतीला नेलं. शिरेतून ग्लुकोज गेल्यावर तिनं डोळे उघडले. डॉक्टरीणबाई मल्हारवर कडाडल्या, "साखर पार उतरली होती. अजून उशीर झाला असता तर ही उठली नसती. असं झालं की ताबडतोब गूळ द्यायचा, साखर द्यायची. गिळता येत नसेल तर गालाच्या आतून, दाढेला चोळायचा. समजलं?"

मल्हारला समजलं. घरी येऊन त्यानं आईला सांगितलं तर ती म्हणाली, "ज्या गुळानं मरायचं, त्योच गूळ औषध? तुजी डॉक्टरीण काय बी सांगती." आणि वर, तो बैल ओढ्यालाच सापडला होता! उन्हाळ्यात जनावर पाण्याकडं नाही जाणार तर कुठं जाणार? कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. पण हे वस्तीला कोण सांगणार! दुसऱ्या दिवसापासून बायका सारजाच्या पाया पडायला लागल्या. जी मागं मुंग्यांचं विचारत होती, तिनंच नारळ आणला. भागूबाई तर हरखून गेली होती. देवानं वाट धरली, ती पण आपल्याच घरात.

सारजाला ते आवडलं. खोटं कशाला सांगा! आजारी सून, नासकी कूस, बापाच्या गळ्यात परत पडणारी पोर, असलं सगळं ऐकून घेतलेल्या बाईला एकदम कुणी 'आई' म्हणून हात जोडले तर ते कडू लागेल का? काही दिवस ती त्या मानात राहिली. मग एका दुपारी, भर कामात, तिचे ओठ बधिर झाले, हात थरथरायला लागले, आणि कपाटाला कुलूप. शेजारीण धावत आली. तिनं सारजाकडं बघितलं आणि पाणी देण्याऐवजी हातच जोडून बसली. ठाण्याची रीतच होती ती. देव अंगात असताना झाडाला, म्हणजे ज्याच्या अंगात आलाय त्या माणसाला, अन्नपाणी द्यायचं नाही. देवाचं तोंड बाटतं. सारजा सरपटत कोपऱ्यातल्या पिशवीपर्यंत गेली. मल्हारनं आणलेला बिस्किटाचा पुडा होता त्यात, तो तिनं दातांनी फोडला. शेजारीण हात जोडून बघतच होती.

तेव्हा तिला पहिल्यांदा खरी भीती वाटली. आजाराची नव्हे, तो तिच्या हाताखाली यायला लागला होता. या हात जोडलेल्या माणसांच्या घोळक्यात, भंडाऱ्यानं माखून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आपण मरू आणि कुणी बोटभर गूळ तोंडात घालणार नाही, याची भीती.

ती वाटा बघायला लागली. साखर उतरण्याआधी काय होतं? ओठ बधिर होतात, मानेवर गार घाम येतो. आणि त्याच्याही आधी, सगळ्यात आधी, तिला राग येतो. उगाचच. भांडं वाजलं तरी राग. सासूला ती फटकन उलट बोलते, जी एरवी मान वर करत नाही ती. हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिला हसू आवरेना. तिनं मल्हारला सांगितलं, त्यानं आईला सांगितलं, "आई, हिनं तुला उलट उत्तर दिलं की हिला गूळ देत जा."

"वा रं वा!" भागूबाई म्हणाली. "सुनंनं शिव्या द्यायच्या आन् सासूनं तिचं तोंड ग्वाड करायचं! कोणत्या पोथीत हाय ह्ये?"

पण मल्हारनं कुलूप काढायला लावलं. सारजा पदराच्या टोकाला गुळाचा खडा बांधून हिंडायला लागली. रानात जास्त काम असलं की आधीच अर्धी भाकरी जास्त खायची. चुकायचं अजून, नाही असं नाही. एकदा विहिरीच्या कठड्यावर बसल्या बसल्या डोळ्यापुढं अंधारी आली. एकदा भीतीनं एवढा गूळ खाल्ला की निळं पाणी विटकरी झालं. पण आता चुकलं की ती आधी रडायची नाही, आधी बघायला जायची. रडणं नंतर, वेळ उरला तर.

राहता राहिली सासू. एका दुपारी दोघी कांदा निवडत बसल्या होत्या, तेव्हा सारजानं विचारलं, "आत्या, तुमच्या अंगात देव येतो तवा कसं वाटतं?"

भागूबाईचा हात थांबला. आजवर हजारदा देवाला लोकांनी प्रश्न विचारले होते, तिला हे कुणीच विचारलं नव्हतं. ती हळूहळू सांगायला लागली. "पायातनं येतं बघ. तळव्यातनं ऊन ऊन चढत येतं, इस्तवावर उभं ऱ्हायल्यावानी. ढोल भाईर न्हाय, पोटात वाजतो. भूक न्हाय, तहान न्हाय. आन् गेला की अंग कसं हलकं होतं, कापसावानी."

"माझं मानंतनं येतं," सारजा म्हणाली. "गार. भूक तर अशी लागती की माती खावी वाटती. आन् गेल्यावर डोस्कं फुटतं दिसभर. मंग ह्यो त्योच देव कसा, आत्या?"

भागूबाईनं कांद्याची टोपली बाजूला सारली आणि उठली. "देवाला काय एकच वाट हाय व्हय?" म्हणाली आणि आत गेली.

पंच्याण्णव सालच्या चैत्रात जत्रा आली. गेणूतात्या घरी आले, चहा प्याले आणि भागूबाईला म्हणाले, "यंदा सुनंला म्होरं बसवा. तुमचं वय झालं. वरसाची भाकणूक, पाऊसपानी कसं व्हईल त्ये, तिच्या तोंडून हू द्या." ते गेल्यावर भागूबाई चुलीपाशी आली. तिनं हुकूम केला नाही, विनवणीच केली म्हणायची. "एकडाव बस. आला तर आला. न्हाय आला तर मी पुन्यांदा नाव काढनार न्हाय." सारजानं सासूच्या तोंडाकडं बघितलं. हा घोर मिटल्याशिवाय ही बाई सुखानं डोळे मिटणार नाही, हे तिला दिसत होतं. आपण नीट खाऊन-पिऊन बसलो तर काहीच होणार नाही, आणि एकदाचा हा विषय संपेल. ती हो म्हणाली.

जत्रेच्या सकाळी तिनं उंबऱ्यावर बसून सुई घेतली. घरात चुलीवर पुरण शिजत होतं. नैवेद्य दाखवेपर्यंत वस्तीवर कुणी खायचं नाही ही रीत, पण सारजासाठी फडक्याखाली भाकरी झाकून ठेवली होती. ती भाकरी घेणार एवढ्यात गेणूतात्यांच्या घरच्या बाया नवं हिरवं लुगडं घेऊन आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारातच फतकल मारून बसल्या. त्यांच्यादेखत कशी खाणार! नैवेद्य काय आत्ता होईल, असं तिला वाटलं. शिवाय पदराला गूळ आहेच. बायांनी हसत-खिदळत तिला नवं लुगडं नेसवलं, मळवट भरला आणि ठाण्यावर नेलं. जुनं लुगडं दांडीवर राहिलं, गुळाच्या गाठीसकट.

ढोलवाले इंदापूरकडून यायचे होते, त्यांचा टेम्पो वाटेत बंद पडला. मल्हार कुणाची तरी मोटारसायकल घेऊन त्यांना बघायला गेला. ढोलाशिवाय पूजा नाही, पूजेशिवाय नैवेद्य नाही. ऊन चढत गेलं. देवापुढं पाटावर सारजा, भोवती माणसांची दाटी, समोर झाकलेलं नैवेद्याचं ताट. तिला राग यायला लागला. शेजारच्या पोरीच्या बांगड्यांचा राग, गेणूतात्यांच्या खाकरण्याचा राग. तिनं ओळखलं. हात पदराकडं गेला. टोक चाचपलं, दुसरं टोक चाचपलं. नव्या लुगड्याचा कोरा काठ नुसता बोटांतून घसरत होता.

ती उठायला गेली आणि त्याच वेळी ढोलवाले दुसऱ्या गाडीनं आले, मल्हार मागं टेम्पोपाशीच राहिला होता. धाडकन पहिली थाप पडली, तिचे पाय लटपटले आणि ती पुन्हा पाटावर बसली. "आलं! आलं!" माणसं ओरडली. भंडारा उधळला गेला. सगळीकडं पिवळं झालं.

"गूळ," सारजा म्हणाली. आपला आवाज तिला लांबून ऐकू आला.

गेणूतात्यांनी हात वर करून ढोल थांबवला. "काय म्हणतोस देवा?"

"गूळ... गूळ..."

"देव गूळ बोलला!" तात्या गर्जले. "यंदा गुळाला भाव हाय!"

जमावात नुसता कल्लोळ झाला. ज्यांचा ऊस उभा होता ते पुढं घुसायला लागले. एकानं ओरडून विचारलं, "देवा, ऊस फॅक्टरीला घालू का गुऱ्हाळाला?" दुसऱ्यानं विचारलं, खोडवा ठेवू का मोडू. सारजाला त्यांची तोंडं हलताना दिसत होती. सगळी माणसं हात जोडून उभी होती, अगदी तिला भीती वाटली होती तशी. तिला 'साखर' म्हणायचं होतं, 'मल्हारला बोलवा' म्हणायचं होतं, पण जीभ वळेना. गर्दीत तिला सासू दिसली. भागूबाईच्या तोंडावर असा आनंद तिनं कधीच बघितला नव्हता. आता ही काही ऐकणार नाही, असं तिला वाटलं.

भागूबाई पुढं आली. चिमटीत भंडारा होता. तिनं तो सुनेच्या कपाळाला लावला आणि डोलणारी मान सावरायला दुसरा हात मागं, मानेवर ठेवला.

तो हात तिथंच राहिला. सारजाला तो ऊन हात मानेवर कळत होता.

"सारजे," सासू तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "पायातनं येतंय का मानंतनं?"

सारजाला बोलता आलं नाही. डोकं सासूच्या पोटावर टेकलं.

"गार हाय," भागूबाई म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे. मग ती वळली, नैवेद्याच्या ताटावरचं फडकं तिनं ओढून काढलं आणि गुळाचा खडा उचलला.

"भागूबाई!" गेणूतात्यांनी तिचं मनगट धरलं. "नैवेद हाय त्यो! देवाच्या आदी? आन् अंगात देव असताना झाडाचं तोंड बाटवतीस?"

"हात सोडा, तात्या."

"डोस्कं फिरलं का तुजं? देव हाय तिच्यात!"

"देव मी वळखते," भागूबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण मागच्या माणसापर्यंत ऐकू गेला. "सारा जलम अंगावर घेतलाय त्याला. ह्यो देव न्हाय. ही माझी सून हाय, आन् ती मराय लागलीया."

तात्यांचा हात सुटला. भागूबाई खाली बसली. तिनं सुनेचं डोकं मांडीवर घेतलं, खडा पाटाच्या कडेवर ठेचला, बोटं तांब्यात बुडवली आणि ओला गूळ तिच्या गालाच्या आत, दाढेला चोळायला लागली. बराच वेळ चोळत राहिली. भंडाऱ्यानं पिवळी झालेली बोटं पुन्हा पुन्हा ताटात जात होती. कुणी पुढं आलं नाही, कुणी गेलंही नाही. मधे एकदा ती देवाकडं न बघताच म्हणाली, "तुला नंतर, बाबा. थांब जरा."

सारजाला आधी गोडी कळली, मग सासूच्या हाताची खरखर. मग लिंबाची पानं दिसली. गिळता येतंय हे कळल्यावर भागूबाईनं तिच्या तोंडात एकदम एवढा गूळ कोंबला की तिला ठसका लागला.

"जीव घेता का आत्या!" ती कशीबशी म्हणाली. "घास अडकला असता की!"

भागूबाईनं घाईघाईनं तिच्या मानेला हात लावून बघितला. "ऊन झाली," ती म्हणाली. "ऊन हाय. आता दे शिव्या." आणि पदर तोंडाला लावून, सगळ्या वस्तीदेखत, घुमताना सोडलं तर जी कधी कुणासमोर मोडली नव्हती ती बाई हमसून हमसून रडली.

त्या वर्षी भाकणूक झालीच नाही. गेणूतात्यांनी तोंड फिरवलं ते कितीतरी दिवस फिरवलेलंच होतं. घरी पुरणाचा दुसरा घाणा शिजला, नवा नैवेद्य आला, ढोल पुन्हा वाजला. माणसं पांगली. काही जणी जाताना भागूबाईकडं असं बघत गेल्या की जणू तिनं देवघरच मोडलं. तिनं कुणाकडं बघितलं नाही. लिंबाच्या बुंध्याला टेकून दोघी बसल्या होत्या. सारजा पुरणपोळी खात होती आणि तिचं डोकं फुटायला लागलं होतं.

"सारजे," भागूबाईनं विचारलं, "आज मेंढरू कुठनं सुटलं?"

सारजानं चमकून बघितलं. अप्पांची ती गोष्ट आपण सासूला कधी सांगितली, हे तिला आठवेना. मग ती म्हणाली, "बायांच्या म्होरं खायची लाज वाटली. आन् लुगडं बदललं. गूळ जुन्या पदराला ऱ्हायला."

देव आपल्यामागं कुणाकडं जाईल, याचं उत्तर भागूबाईला मिळालं नव्हतं आणि आता ते मिळणारही नव्हतं. ताटात गुळाचा एक तुकडा उरला होता. तिनं तो उचलला, फुंकर मारून त्याच्यावरचा भंडारा उडवला, आपल्या स्वतःच्या पदराच्या टोकात ठेवला आणि गाठ मारून दातांनी आवळली.